मशीन नाही, टाकी बघा!

मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हे लिहायलाच हवं. आपल्या लेडीज होस्टेलचं वॉशिंग मशीन जूनमध्ये तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि तेव्हापासून ते 'बंद आहे'ची पाटी लावून उभं आहे. बटण दाबलं की घूं घूं करतं, पाणी काही घेत नाही. आता नव्या मशीनसाठी वर्गणी काढायचं चाललंय. माझा विरोध आहे.

नळीच्या तोंडाची जाळी मी काढून पाहिली. क्षार साठले होते, ब्रशने घासले. तरी तेच. मग गच्चीवर गेले. टाकीतलं पाणी नळापेक्षा जेमतेम 2 मीटर वर. 10 मीटरला साधारण 1 बार दाब, म्हणजे आपल्याला मिळतो 0.2. मॅन्युअलमध्ये किमान 0.5 लिहिलंय! दाबच नसेल तर व्हॉल्व्हचा पडदा नीट उघडणार कसा? नवं मशीनही उपाशीच राहील.

फ्लुइड मेकॅनिक्सला हेच गणित आपण सोडवलंय. सफाईच्या मावशी तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "खाली ठेवा गं, खालच्या नळाला धार बघा." आपण हसलो. (मी पण.)

तळमजल्यावर 11 मीटर मिळतात. वर्गणी नको, मशीन उतरवायला चौघी हव्यात. रविवारी, नाश्त्यानंतर.