चर्चा एमडीची, पुडी खिशातली

एप्रिल 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातील रोहिणा शिवारात, महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोन म्हणजेच एमडी तयार करण्याचा कारखाना पकडला. माल 11 किलोच्या वर, किंमत सुमारे 17 कोटी रुपये. त्यानंतर जळकोटच्या बाजारात जिथं चहाला बसावं तिथं हाच विषय. "असलं मुंबईत असतंय, आपल्याकडं कसं आलं?"

आपल्या डोंगराळ भागात आडवळणाची रानं पुष्कळ. मालक पुण्याला कामाला, आखाडा बंद. अशा जागेला कुणी चांगलं भाडं देतो म्हणाला, तर कशासाठी हे आधी विचारा. तुरीत, कपाशीत गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. "दोन-चार झाडांनी काय होतंय" म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजाच्या लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाखापर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत दुसऱ्याने लावला आणि माहीत असून कळवले नाही, तरी जमीनधारक दोषी. सरपंच, पंच आणि आमच्यासारखे सरकारी नोकर यांच्यावरही कळवण्याचे बंधन आहे. तेव्हा मला दिसला तर मी कळवणारच. मग "साहेब, तुम्ही आपलेच की" म्हणून उपयोग नाही.

पण खरं सांगू? मला एमडीपेक्षा तंबाखूची धास्ती जास्त. एमडीने झोप उडते, काळीज धडधडते, माणूस भ्रमिष्ट होतो, हे खरेच. पण तिला निदान सगळे नशा तरी म्हणतात. तंबाखूला कोण म्हणतो? 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढांत जवळजवळ 27 जण तंबाखू वापरणारे निघाले. त्यातही ओढणारे थोडे, खाणारेच फार. बार भरल्याशिवाय गड्याचा हात चालत नाही, मशेरी लावल्याशिवाय बाया खुरपणीला बसत नाहीत, आणि दुकानावरून पुडी आणायला आपण पोरालाच पिटाळतो. अठरा वर्षांखालच्याला ती विकणे 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे. गुटख्यावर तर राज्यात 2012 पासून बंदी! ती कशी पाळली जाते ते तुम्हाला मी काय सांगावे?

गुटखा-सुपारीने आधी तिखट सोसेनासे होते, मग तोंड आकसते. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दवाखाना गाठा. तिथून कर्करोग फार लांब नसतो.

आता माझ्या खात्याचा मुद्दा. सोयाबीन-तुरीवर फवारणी चालू असते. पंप उतरवला की गडी त्याच हाताने तंबाखू मळतो आणि औषध थेट तोंडात जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हापासून मास्क, हातमोजे सगळ्यांच्या तोंडी आले. तंबाखूच्या पुडीबद्दल कुणी बोलल्याचे मी ऐकले नाही. फवारणीच्या दिवशी पुडी घरी ठेवायची, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही, एवढे मालकाने गड्याकडून करून घ्यावे.

तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 आणि इतर नशेसाठी 14446 या सरकारी क्रमांकांवर फुकट सल्ला मिळतो. शिवारात संशयास्पद काही दिसल्यास 1933 वर कळवावे.