पाटी नको, पकड हवी

इगतपुरीत वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात. नेमक्या याच दिवसांत मुंबई-नाशिकचे पर्यटक इथल्या रिसॉर्टच्या जलतरण तलावांवर गर्दी करतात. काठावरची चकचकीत फरशी छायाचित्रात शोभते. ओल्या, अनवाणी पायाखाली मात्र घात करते. त्यात शेवाळ धरले, तर ज्येष्ठांच्या खुब्याचे हाड मोडायला एक घसरण पुरते.

म्हणून लेप निवडताना रंगाआधी पकड पाहावी. साधा इपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो, त्याची भुकटी सुटते. उघड्यावर वरचा थर अतिनील किरणांना टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा आणि बारीक गारगोटीची वाळू मिसळलेला हवा. नव्या काँक्रीटला किमान २८ दिवस द्यावेत आणि काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढावे. खाली ओल अडकली की लेप फुगतो. टाइल घेताना ‘आर’ क्रमांकावर विसंबू नये, तो बुटांसाठीचा. अनवाणी पायांसाठी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी श्रेणी असते. त्यात ‘सी’ची पकड सर्वाधिक.

पाणी निथळायला शंभर फुटांत एक-दोन फूट उतार आणि पावसाळ्यात नियमित घासणी, एवढे तरी हवेच. ‘जपून चाला’ ही पाटी स्वस्त असते. पण ती पाय धरून ठेवत नाही.