‘अतिरिक्त’ कोणाच्या मापाने?

‘अतिरिक्त जिल्हाधिकारी’ आणि ‘अतिरिक्त शिक्षक’ हे दोन पदबंध शेजारी ठेवून पाहा. विशेषण एकच, पण पहिल्यात ते अधिकाराचे पद दाखवते, तर दुसऱ्यात संचमान्यतेनंतर या माणसाची शाळेला गरज उरली नाही, असे सुचवते. कारण उघड आहे. पहिला ‘अतिरिक्त’ इंग्रजी ‘ॲडिशनल’चा पर्याय आहे, दुसरा ‘सरप्लस’चा.

‘सरप्लस’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. ‘वर’ आणि ‘अधिक’ अशा अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांचा तो जोड आहे. गरज भागून उरलेले, असा त्याचा साधा अर्थ. त्यात दोष मुळीच नाही. अंदाजपत्रकात पैसा उरला, की त्याच ‘सरप्लस’ला आपण ‘शिलकी’ म्हणतो आणि समाधान पावतो. माणूस किंवा पीक उरले, की मात्र ‘अतिरिक्त’! (अरबीतून आलेल्या ‘फाजील’चेही असेच झाले. मुळात त्याला ‘विद्वान’ हाही अर्थ आहे. मराठीत मात्र फाजील लाड आणि फाजील आत्मविश्वास एवढेच ठळकपणे उरले.) ‘अतिरिक्त’ आणि ‘अतिरेक’ हे दोन्ही शब्द ‘रिच्’ या एकाच धातूपासून झाले आहेत, आणि ‘रिक्त’ही त्यातूनच आला. उरणे आणि रिते होणे या दोन्ही छटा त्या धातूत आहेत.

आता घाटनांदूरच्या परिसराकडे वळू. अंबाजोगाई तालुक्यातील हे गाव, जिल्हा बीड. २०२१-२२ च्या गळीत हंगामात राज्यात साखरेचे विक्रमी, सुमारे १३७ लाख टन उत्पादन झाले. तरीही मे महिना उजाडला तेव्हा मराठवाड्यात ऊस शेतात उभाच होता. तोड मिळेना, उसाला तुरे आले, वजन घटू लागले. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. इथले कोयते दरवर्षी परमुलखात जातात, आणि त्या वर्षी इथलाच ऊस कोयत्याची वाट पाहत राहिला. गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने उभा फड पेटवून आपला जीव दिला. या साऱ्या प्रकरणाला शासनाच्या कागदांत आणि वर्तमानपत्रांत नाव पडले ‘अतिरिक्त ऊस’.

माझा आक्षेप या नावाला आहे. अधिक्य सांगणाऱ्या शब्दामागे नेहमी एक माप असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की ती अतिवृष्टी. माप सर्वांना ठाऊक असते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात अतिरिक्त जमीन कोणती, हे एकरांत लिहिलेले होते. उसाचे माप कोणते? कारखान्यांची गाळपक्षमता आणि तोडणीच्या टोळ्यांची संख्या. उणीव तिथे होती. विशेषण मात्र उसाला चिकटले, आणि पर्यायाने तो लावणाऱ्याला. जणू त्याने लागवडीत अतिरेक केला! वास्तविक त्यातील पुष्कळसा ऊस कारखान्यांकडे रीतसर नोंदवलेला होता.

‘गाळपाविना उभा ऊस’ असे म्हणता आले असते. शब्द एक जास्त लागला असता, इतकेच.