एक चूक आणि पुढचा हंगाम

मेलबर्न हे नाव आपल्याकडे पोहोचले ते क्रिकेटमुळे. डिसेंबरच्या शेवटी तेथे कसोटी सामना असतो आणि त्यासाठी पहाटे उठून बसणारी माणसे आपल्या गावोगाव सापडतात. परंतु त्याच मैदानावर तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, एक निराळाच खेळ चालतो आणि त्या शहराचा जीव खरा त्या खेळात अडकलेला असतो. त्याचे नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मार्चच्या सुमारास हंगाम सुरू होतो, सप्टेंबरच्या अखेरीस अंतिम सामना होतो आणि मधल्या उन्हाळ्यात सगळीकडे एकच चर्चा रंगते. पुढच्या हंगामात कोण चमकणार आणि कोणाचे दिवस भरले? अमक्याचा ‘फॉर्म’ कसा आहे, तमक्याकडून काय अपेक्षा ठेवावी, यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात.

ही भाकिते कशाच्या आधारावर होतात? अर्थात मागच्या हंगामाच्या. आणि मागच्या हंगामातले माणसाला काय आठवते? बहुधा शेवटचे तेवढे. माझे म्हणणे असे की, खेळाडूचे पुढचे वर्ष त्याच्या शेवटच्या चुकीवरून ठरवणे हा अन्याय तर आहेच, पण तो हिशेबही चुकतो. हे म्हणणे पटावे म्हणून मी एकच खेळाडू घेतो आणि त्याच्या आयुष्यातला एकच उन्हाळा घेतो. खेळाडू जिम स्टाइन्स, आणि उन्हाळा १९८७ संपून १९८८ लागतानाचा.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मैदान लंबवर्तुळाकार, क्रिकेटचेच असते. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडू अंड्याच्या आकाराचा. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. चेंडू हातात धरून धावता येते, परंतु ठरावीक अंतरानंतर तो जमिनीवर आपटून पुन्हा झेलावा लागतो. अंड्याच्या आकाराचा चेंडू आपटल्यावर सरळ हातात येत नाही, हे कोणीही करून पाहावे. आणखी एक नियम या लेखाला आवश्यक आहे. एखाद्या खेळाडूला फ्री किक मिळाली की त्याच्यासमोर जी जागा ठरते तिला ‘मार्क’ म्हणतात. विरुद्ध बाजूच्या खेळाडूने ती ओलांडायची नाही. ओलांडली तर दंड म्हणून किक मारणाऱ्याला पुढे आणतात. १९८७ साली हा दंड पंधरा मीटरचा होता.

स्टाइन्सचा जन्म १९६६ सालचा, डब्लिन शहरातला. तो वाढला तो गेलिक फुटबॉलवर. त्या आयरिश खेळाचा चेंडू गोल. १९८४ साली डब्लिनच्या कुमार संघातून त्याने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले होते. त्या सुमारास मेलबर्न क्लबने एक धाडसी प्रयोग आरंभला होता. आयर्लंडातले उंच, चपळ तरुण आणायचे आणि त्यांना आपला खेळ शिकवायचा. त्या प्रयोगात १९८४ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांचा स्टाइन्स समुद्र ओलांडून आला. ज्या खेळावर त्याला पोट भरायचे होते तो त्याच्या घरात कोणी खेळला नव्हता, गल्लीत नव्हता, शाळेतही नव्हता. १९८५ साली तो एकोणीस वर्षांखालील संघात खेळला. १९८६ साली त्याला प्रॅहरन नावाच्या दुसऱ्या, खालच्या स्पर्धेतल्या क्लबाकडे खेळायला पाठवण्यात आले. १९८७ साली अखेर त्याला मेलबर्नच्या मुख्य संघात जागा मिळाली.

ते वर्ष क्लबच्या दृष्टीने साधे नव्हते. १९६४ सालच्या विजेतेपदानंतर मेलबर्नचा संघ बादफेरीत पोहोचलाच नव्हता. तो १९८७ साली पोहोचला. कर्णधार रॉबर्ट फ्लॉवर १९७३ पासून या संघातून खेळत होता. पंधरा हंगाम खेळूनही बादफेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नव्हता, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता. दोन सामने जिंकून संघ उपांत्य फेरीच्या शेवटच्या सामन्यात हॉथॉर्नसमोर उभा राहिला. जिंकला असता तर अंतिम सामना.

त्या सामन्याच्या अगदी अखेरीस मेलबर्न चार गुणांनी पुढे होते. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण गोल दूर होता. तेवढ्यात स्टाइन्स धावत धावत त्याच्यासमोरून मार्क ओलांडून गेला. पंचांनी पंधरा मीटरचा दंड दिला. बकेनारा पुढे आला आणि वेळ संपल्याचा भोंगा होऊन गेल्यावर घेतलेल्या त्या किकेवर त्याने गोल केला. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८. फ्लॉवरचा तो अखेरचा सामना ठरला. अंतिम सामना त्याला कधीच खेळायला मिळाला नाही.

आता वाचकांनी क्षणभर त्या उन्हाळ्यात जाऊन बसावे आणि १९८८ साठी स्टाइन्सचे भाकीत लिहावे. काय लिहाल? वय एकवीस. मुख्य संघात एकच हंगाम. खेळाचे मूळ संस्कार नाहीत, आणि नसल्याचा पुरावा सगळ्या देशाने पाहिलेला. प्रशिक्षक जॉन नॉर्थी त्याला खडसावत असल्याचे दृश्य टेलिव्हिजनवर गेलेले. शिवाय मार्क ओलांडण्याचा दंड १९८८ पासून पंधराऐवजी पन्नास मीटरचा झाला, म्हणजे तीच चूक पुन्हा केली तर किंमत तिपटीहून अधिक. मी तेथला क्रीडालेखक असतो तर मीही बहुधा असेच लिहिले असते की, मुलगा चांगला आहे, पण त्याला परतीचे तिकीट काढून द्यावे हे बरे.

प्रत्यक्षात काय झाले? १९८८ साली मेलबर्न अंतिम सामन्यात पोहोचले आणि स्टाइन्स त्या संघात होता. त्या सामन्यात त्याच हॉथॉर्नने त्यांचा ९६ गुणांनी धुव्वा उडवला, हेही सांगितले पाहिजे. १९९१ साली स्टाइन्सला ब्राउनलो पदक मिळाले. लीगमधला हा वैयक्तिक सन्मानांतला सर्वांत मोठा सन्मान. परदेशात वाढून, मोठेपणी हा खेळ शिकून ते पदक मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. या पदकाची गंमत अशी की, ते उत्कृष्ट आणि नियमाने खेळणाऱ्या खेळाडूला दिले जाते आणि त्याची मते देतात मैदानावरचे पंच. म्हणजे ज्या पंचवर्गाने १९८७ साली त्याला दंड केला, त्याच पंचवर्गाने चार वर्षांनी त्याला सर्वांत वर बसवले.

पण मला पदकापेक्षा दुसरा एक आकडा मोठा वाटतो. १९८७ ते १९९८ या काळात स्टाइन्स सलग २४४ सामने खेळला. मध्ये एकही चुकला नाही. हा तेव्हा विक्रम होता. या आकड्याकडे जरा निरखून पाहावे. ही मालिका १९८७ साली सुरू झाली आणि त्या वर्षीचा मेलबर्नचा शेवटचा सामना म्हणजे तोच दोन गुणांनी हरलेला सामना. अर्थात तोही या २४४ मध्ये धरलेला आहे. ज्या सामन्याने त्याचे खेळाडूपण संपायला हवे होते, तो त्याच्या विक्रमातला एक सामना होऊन बसला.

आता प्रश्न असा की, भाकीत कुठे चुकले? मला वाटते, चूक पाहिली गेली, चुकीचे मूळ पाहिले गेले नाही. शेवटच्या मिनिटाला, सगळे दमलेले असताना, तो धावत होता. आळसाने किंवा भीतीने एका जागी उभा राहिलेला खेळाडू मार्क ओलांडत नाही. गेलिक फुटबॉलने त्याच्या पायांत अखंड धावणे भरले होते; कोठे थांबायचे हे मात्र नव्या खेळाकडून शिकायचे राहिले होते. पुढे त्याचे नाव झाले तेही याच धावण्यामुळे. त्या काळी या खेळात पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवत आणि दोन्ही बाजूंचे उंच गडी उडी घेऊन तो आपल्या माणसाकडे ढकलत. त्यांना रकमन म्हणतात. स्टाइन्स रकमन होता, पण चेंडू ढकलल्यावर तो तेथे न थांबता चपळ गड्यांसारखा मैदानभर धावत राही. दोष आणि गुण एकाच झाडाचे निघाले. दोष दिसतो म्हणून झाडच तोडले असते तर फळ कोठून मिळाले असते?

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, स्टाइन्सची उंची १९९ सेंटिमीटर होती. नुसत्या जिद्दीने ती येत नाही. हे खरे आहे. दुसरा असा की, या आयरिश प्रयोगातला प्रत्येक जण टिकला नाही. हेही खरे. त्याच्याआधी आलेला पॉल अर्ली १९८४ साली मुख्य संघातून एकच सामना खेळू शकला. तेव्हा चूक करणारा प्रत्येक जण पुढे पदक मिळवतो, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे लहान मुलांना गोष्ट सांगणे होय. स्वतः स्टाइन्सलाही विजेतेपद कधी मिळाले नाही. मेलबर्नला पुढचे विजेतेपद मिळाले ते २०२१ साली, आणि स्टाइन्स तर २० मार्च २०१२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. माझे म्हणणे एवढेच आहे की, नव्याने खेळ शिकणाऱ्याची चूक आणि खेळात मुरलेल्याची चूक एकाच तराजूत तोलू नये. मुरलेल्याची चूक कधी कधी त्याची मर्यादा सांगते. नवख्याची चूक बहुतेक वेळा तो कोठवर शिकला आहे एवढेच सांगते.

हा विषय मी का निवडला तेही सांगून टाकतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ज्यांच्या घरी आधीचे पदवीधर आहेत त्यांना येथले नियम जेवताना बोलता बोलता समजतात. आम्हाला ते चूक झाल्यावर समजतात. पहिल्या सत्राच्या परीक्षेत ‘कोणतेही चार प्रश्न सोडवा’ असे छापलेले असूनही मी सातही सोडवायला घेतले. जास्त लिहिले तर जास्त गुण, अशी माझी समजूत. शेवटी चार धड झाले नाहीत आणि सातही झाले नाहीत. निकाल पाहून वडील काही बोलले नाहीत, पण शेजारच्या काकांनी माझ्या पुढच्या वर्षाचे भाकीत तेथल्या तेथे सांगून टाकले. स्टाइन्सची हकीकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की, माझी चूकही धावण्याचीच होती.

म्हणून माझ्या गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. आमच्यावर रागवावे, नॉर्थीही रागावले होते आणि त्यांचा राग गैर होता असे कोणी म्हणणार नाही. एका माणसाच्या पंधरा वर्षांच्या आशेवर त्या दिवशी पाणी पडले होते. परंतु पुढच्या वर्षी संघ निवडताना त्याच नॉर्थींनी स्टाइन्सचे नाव यादीत ठेवले. रागावणे आणि यादीतून नाव काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि माझ्या मित्रमैत्रिणींना सांगणे असे की, यादीत नाव राहिले तरी मैदानावर जायचे काम आपले आपल्यालाच करावे लागते. त्या उन्हाळ्यात स्टाइन्सपुढे डब्लिनला परत जाण्याचा मार्ग मोकळा होता आणि गेला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. तो राहिला आणि १९८८ च्या हंगामातल्या पहिल्या सामन्याला मेलबर्नच्या संघात उभा होता. कोणाच्याही पुढच्या हंगामाचे भाकीत करायचेच झाले, तर आधी तो पहिल्या दिवशी आला की नाही एवढे पाहावे. बाकीचा हिशेब सप्टेंबरात करता येतो.