कुणापैकी तुम्ही?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना वाटेत मार्गासनी लागतं. राजगडाला निघालेले इथून साखर, गुंजवण्याच्या रस्त्याला वळतात. पाठीवर सॅक असलेल्यांना कुणी फारसं काही विचारत नाही. ते गडाचे पाहुणे. पण सॅक नसलेला अनोळखी माणूस चहाला टेकला, की बाकावरचं म्हातारं माणूस विचारणारच, "पाव्हणं, गाव कोणतं?" आणि उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न, "कुणापैकी?"

या दुसऱ्या प्रश्नाची अनेकांना चीड आहे. त्यांचं म्हणणं असं : माणसाची ओळख त्याच्या कर्तृत्वावरून व्हावी. गाव, घराणं, भावकी ही जन्माबरोबर गळ्यात पडलेली लोढणी. ती उतरवली की उरतो तो खरा 'मी'. आणि 'कुणापैकी'चा रोख तर बहुतेक वेळा जातीकडेच असतो.

शेवटचा आक्षेप खरा आहे आणि तो मी आधीच मान्य करतो. या एका शब्दाच्या उत्तरावर कुणाला ओसरीवर घ्यायचं आणि कुणाला अंगणात उभं करायचं, हे पिढ्यान् पिढ्या ठरत आलं. पण प्रश्नामागची खोड वाईट म्हणून स्वयंभू 'मी' खरा ठरत नाही. 'मी कुणाचाच नाही' हे वाक्यसुद्धा आईकडून शिकलेल्या भाषेत बोलावं लागतं.

पुरावा याच मुलखातला देतो. भोर तालुक्यातल्या रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला. त्या प्रकरणाचं 28 जानेवारी 1646चं शिवाजीमहाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे, आणि त्यावर त्यांची मुद्रा आहे. ज्यांच्याइतका स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला पुरुष या डोंगरांनी पाहिला नाही, ते आपल्या मुद्रेत स्वतःची ओळख शहाजीचा पुत्र अशी करून देतात. मात्र शहाजीराजांची आणि जिजाऊंची मुद्रा फारसीत होती. मुलाची संस्कृतात आहे. नातं वारशाने आलेलं, भाषा निवडलेली. 'मी'च्या घडणीचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही.

आता उलट्या टोकाचे लोक. ते म्हणतात, माणूस म्हणजे समाजाच्या साच्यातून पडलेली वीट. जसा गोतावळा, तसा माणूस. त्याला बोल लावून काय उपयोग? हे मत वरवर विनम्र दिसतं, पण सगळ्यात सोयीचं तेच आहे. चूक झाली की 'आमच्यात असंच चालतं' म्हणायला मोकळे.

त्यांच्यासाठीही तेच पत्र पुरेसं आहे. रांझ्याचा पाटील बाबाजी गुजर हा वतनदार होता. वतनाचा माज त्याला व्यवस्थेनेच दिला होता. तरी हातपाय तोडण्याची शिक्षा व्यवस्थेला नाही, बाबाजीला झाली. पाटीलकी मात्र त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे गेली. पद गोताचं, गुन्हा ज्याचा त्याचा. ओळख समाज देतो; त्या ओळखीच्या आडून केलेल्या कृत्याचा जाब एकट्यालाच द्यावा लागतो.

आणि साचा मोडताही येतो. आंबेडकर या आडनावाच्या मुळाशी मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे गाव आहे. त्याच बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवाची झाडाझडती घेतली आणि खेडं म्हणजे अज्ञानाचं, संकुचितपणाचं आगर असल्याचं सुनावलं. जन्माने आलेला धर्म सोडण्याची घोषणा त्यांनी 1935 साली येवल्यात केली होती. पण धर्मांतर 1956 साली नागपुरात केलं ते एकट्याने नव्हे, लाखोंना बरोबर घेऊन. एक समाज नाकारायला दुसरा उभा करावा लागला. स्वयंभूवाद्यांनी आणि साचेवाद्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावं.

तर मग माझा पक्ष कोणता? ओळख हे वतन नाही आणि लोढणंही नाही. ती कसायला मिळालेली जमीन आहे. बांध कुठे पडले हे आपल्या हाती नसतं, पण पेरायचं काय आणि कोणता बांध फोडायचा हे असतं. 'मावळा' शब्दच घ्या. मावळचा, म्हणजे मावळतीकडच्या खोऱ्यांचा रहिवासी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. गुंजण मावळातल्या, हिरडस मावळातल्या माणसांनी त्यात असं काही पेरलं, की आज मावळ न पाहिलेला विदर्भातला पोरगाही अभिमानाने स्वतःला मावळा म्हणवतो.

मार्च 2024मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं. त्याच महिन्यात आणखी एक निर्णय झाला : सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. दोन्हींवर एकच शेरा ऐकू आला, "नावात काय आहे?" काहीच नसतं, तर आईचं नाव मुलाच्या नावाला जोडून यायला इतकी वर्षं का लागली असती? आणि राजगड हे तालुक्याचं नाव म्हणून नवं नाहीच. भोर संस्थानात विचित्रगड, प्रचंडगड, सुधागड, पवनमावळ यांच्या जोडीला राजगड तालुका होताच. म्हणजे पहिल्या निर्णयाने जुनं नाव परत आणलं, दुसऱ्याने गाळलेलं नाव ओळीत आणलं. समाजाला दोन्ही करता येतं. मला विचाराल तर दुसरं अधिक मोलाचं; कारण गड आपलं नाव विसरू देत नाही, आईचं नाव मात्र आपण बिनदिक्कत विसरत आलो.

म्हणून 'कुणापैकी?' हा प्रश्न बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्याच्या उत्तरावरून चहाचा कप बदलणार असेल, तर तो कप तिथेच ठेवून उठावं. बदलणार नसेल, तर बसून सांगावं. आणि सांगताना वडिलांच्या गावाआधी आईचं गाव सांगून पाहावं. बाकावरचं म्हातारं क्षणभर गोंधळेल. मग बहुधा म्हणेल, "म्हणजे अमक्याचा भाचा का तू?" आणि नात्याचा धागा दुसऱ्या टोकाकडून उलगडायला लागेल.