काळा पडदा आणि कोठीची यादी

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. प्रसंग लहानच, म्हणजे एक जुनें यंत्र बंद पडलें एवढाच. परंतु त्यापासून जें शिकावयास मिळालें तें इतकीं वर्षें फळ्यापुढें उभें राहूनही मला नीटसें कळलें नव्हतें, म्हणून तें वाचकांपुढें ठेवीत आहें. विषय थोडा रूक्ष आहे. ज्यांना संगणकाचा गंध नाहीं अशा माझ्या समवयस्कांनीं एवढ्यावरूनच पान उलटूं नये, अशी विनंती आहे. कारण गोष्ट शेवटीं आपल्या घरांतील कोठीवरच येऊन थांबते.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्व दादा म्हणत, यांनीं १९९४ सालीं सांगलीस घरीं एक संगणक आणिला. त्यावर विंडोज ३.१ ही प्रणाली होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ती १९९२ च्या एप्रिलांत प्रसिद्ध केली होती. दादांनीं फावल्या वेळांत त्या यंत्रावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहून काढिला, आणि हातांत धरून फिरवावयाच्या स्कॅनरनें जुन्या छायाचित्रांच्या नकला त्यांत घातल्या. २०११ सालीं दादा गेले. जाण्यापूर्वीं त्यांनीं मला दोनदां सांगितलें होतें, "यांतलीं चित्रें नव्या यंत्रावर घेऊन ठेव." करूं, करूं म्हणत मीं वर्षें घालविलीं. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला पूर आला. खालच्या मजल्यावरील कपाट पाण्यांत गेलें आणि मूळ छायाचित्रांचा लगदा झाला. यंत्र माडीवर होतें म्हणून वांचलें. आमच्या आईचें एकच छायाचित्र होतें, आणि त्या दिवसापासून तें केवळ त्या यंत्राच्या पोटांत उरलें. एवढें होऊनही माझी दीर्घसूत्रता सुटली नाहीं, हें लाजेनें कबूल करणें प्राप्त आहे.

ज्येष्ठांत यंत्र चालू केलें तों पडदा उजळेचना. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनीं पांच मिनिटें पाहून "भंगारांत द्या" असा निकाल दिला. आमच्या पुतण्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्यानें पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, यंत्र जिवंत आहे, फक्त डिस्प्ले कार्ड जळलें आहे." पडद्यावर काय दिसावें तें ज्या पट्टीच्या हातीं असतें, तिला हें नांव आहे. त्यानें प्रथम आंतील सर्व मजकुराची नक्कल नव्या यंत्रावर करून घेतली. परंतु चित्रें दादांच्या त्या जुन्या कार्यक्रमाच्या सांच्यांत बंद होतीं, आणि तो कार्यक्रम यंत्राच्या पाठीमागें खोंचलेल्या एका कुलुपावांचून उघडत नसे. तेव्हां तेंच यंत्र चालविणें भाग होतें. मुलानें पुण्याच्या जुन्या बाजारांतून त्याच काळांतलें, पण दुसऱ्या जातीचें एक कार्ड मिळविलें. त्यावर अमेरिकेंतील त्सेंग लॅब्स या कंपनीची ईटी ४००० ही चिप होती. तें बसवितांच डॉसचीं अक्षरें उमटलीं. आम्हीं हर्षानें 'विन' असें टंकिलें, एंटर दाबलें, आणि पडदा पुन्हां काळा झाला.

या काळ्या पडद्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. डॉस केवळ अक्षरें दाखवितें, आणि तेवढें काम त्या काळचें कोणतेंही कार्ड करी. विंडोज मात्र खिडकी, बाण, अक्षर, सर्व कांहीं चित्ररूपानें काढते. 'रेघ ओढ', 'चौकोन भर' अशा आज्ञा ती कार्डास स्वतः देत नाहीं. 'ड्रायव्हर' म्हणून एक दुभाषी मध्यें असतो, त्यास देते, आणि तो त्या त्या कार्डाच्या बोलींत त्या उतरवितो. १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तींत हा दुभाषी स्थापनेच्या वेळींच मुख्य फायलींत मिसळून टाकीत. तो बदलावयाचा तर सगळी स्थापना पुन्हां करावी लागे. १९९० च्या ३.० आवृत्तीपासून त्यास सुटा ठेवूं लागले, व सिस्टिम.आयएनआय या साध्या मजकुराच्या फायलींत त्याचें नांव लिहूं लागले. आमच्या यंत्रांत नांव लिहिलेलें होतें जळलेल्या कार्डाच्या दुभाष्याचें, आणि ऐकावयास बसलें होतें नवें कार्ड. त्याला एक शब्दही कळेना.

सुदैवानें एक बोली सर्वांस समजणारी होती. आयबीएम कंपनीनें १९८७ सालीं आपल्या पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए नांवाची पद्धति आणिली, आणि ती इतकी रूढ झाली कीं पुढील जवळजवळ प्रत्येक कार्डानें ती शिकून घेतली. मुलानें डॉसमधूनच विंडोजच्या फोल्डरांत जाऊन 'सेटप' चालविला, यादींतील डिस्प्लेच्या ओळीवर जाऊन व्हीजीए निवडलें, आणि विंडोज उघडली. कुलवृत्तांत उघडला, आईचें पान उघडलें. आमच्या वहिनी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांना मुद्दाम खुर्ची देऊन समोर बसविलें. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्या सासूबाई नव्हेत."

त्यांचें म्हणणें खरें होतें. व्हीजीएच्या त्या पद्धतींत पडद्यावर ६४० गुणिलें ४८० ठिपके, आणि रंग फक्त १६. त्यांत काळा, पांढरा आणि मधल्या दोन करड्या छटा, एवढेंच छायाचित्राच्या उपयोगाचें. एवढ्यांत माणसाचा चेहरा मावत नाहीं. गालाच्या जागीं एक डाग, कपाळाच्या जागीं दुसरा. २५६ रंग मिळाले तर त्यांतले २० विंडोज स्वतःकडे राखून ठेवते, तरी २३६ चित्रास उरतात. परंतु तेवढ्या ठिपक्यांस २५६ रंगांत ३,०७,२०० बाइट स्मरण लागतें, आणि मूळच्या व्हीजीएपाशीं होतें २,६२,१४४. म्हणून १६ रंगांवर तिची धांव संपे. त्यापुढें जावयाचें तर अधिक स्मरणाचें कार्ड हवें, आणि त्या कार्डाचा स्वतःचा दुभाषी हवा. कार्ड आमच्यापाशीं होतें. दुभाष्याची फ्लॉपी, जी नव्या कार्डाच्या खोक्यांत येत असे, ती मात्र जुन्या बाजारांत कोण देणार? मुलानें जुन्या फायलींच्या एका संग्रहांतून ड्रायव्हरच्या सर्व फायली मिळविल्या, आणि फ्लॉपी आपणच तयार करावयाचें ठरविलें.

येथें आमच्या दोन चुका झाल्या, आणि त्याच या लेखाचें मूळ आहेत.

विंडोजमधील सेटप उघडून 'ऑप्शन्स', त्यांत 'चेंज सिस्टिम सेटिंग्ज', त्यांत डिस्प्लेच्या यादीचें शेवटचें टोंक गाठलें कीं 'अदर डिस्प्ले' असें येतें. म्हणजे 'माझ्या कार्डाची फ्लॉपी माझ्यापाशीं आहे' असें सांगणें. मग सेटप ती मागतो. आम्हीं दिली. त्यानें पुन्हां मागितली. पुन्हां दिली, पुन्हां मागितली. सर्व फायली तींत होत्या, हें आम्ही डोळ्यांनीं पाहत होतों. तासाभरानें उलगडा झाला तो असा : मुलानें आलेलें फोल्डर जसेंच्या तसें फ्लॉपीवर उतरविलें होतें, त्यामुळें फायली एका घरानें आंत गेल्या होत्या. सेटप फ्लॉपीच्या उंबऱ्यावरच ओईएमसेटप.आयएनएफ या नांवाची फाईल पाहतो. ती तेथें नाहीं म्हणजे त्याच्या लेखीं फ्लॉपी रिकामी.

लग्नघरच्या कोठीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हें लगेच पटेल. आचारी परगांवचा असतो. त्याला घर ठाऊक नसतें. कोठीच्या दाराशीं जी यादी टांगलेली असेल ती त्याचे डोळे. वेलची घरांत शेरभर असो. यादींत नाहीं तर आचाऱ्याला ती नाहीं. आणि यादीच माजघरांत राहिली तर चूलच पेटत नाहीं. ओईएमसेटप ही ती यादी होय. ती उघडून वाचतां येते, कारण ती साधा मजकूर आहे. तींत 'डिस्क्स' या मथळ्याखालीं फ्लॉप्यांचीं नांवें असतात. 'डिस्प्ले' या मथळ्याखालीं एकेका पडद्याची एकेक ओळ : प्रथम दुभाष्याची डीआरव्ही फाईल, मग मनुष्यास दिसावयाचें वर्णन, मग अक्षरांचें मान, पुढें 'ग्रॅबर' नांवाच्या दोन लहान फायली, ज्या डॉसचे कार्यक्रम विंडोजबरोबर चालतांना पडदा सांभाळतात, आणि ३८६ ही संज्ञा शेवटीं असलेली एक फाईल, जी एकच कार्ड अनेक कार्यक्रमांस भांडण न होऊं देतां वांटून देते. प्रत्येक फायलीच्या नांवापूर्वीं एक आंकडा असतो. तो ती कोणत्या फ्लॉपीवर आहे तें सांगतो.

आमची दुसरी चूक या आंकड्यानें उघडी केली. फायली उंबऱ्यावर आणल्यावर सेटप आनंदानें पुढें सरकला, आणि निम्म्यावर थांबून म्हणाला, 'दुसरी फ्लॉपी घाला.' आमच्यापाशीं एकच होती. कारखानदारानें मूळ संच दोन फ्लॉप्यांचा केला होता. संग्रह करणाऱ्यानें दोन्ही एकत्र केल्या, पण यादी जुनीच राहिली. मुलगा म्हणाला, "आजोबा, यादींतले दोनाचे आंकडे खोडून एक करूं." तसें करतां आलें असतें. परंतु दुसऱ्याच्या यादींत एक खोडावें आणि त्याबरोबर आणखी काय खोडावें लागेल तें आपणांस ठाऊक नसावें, हें मला पटेना. आम्हीं दुसरी फ्लॉपी फॉरमॅट केली, यादींत दोनाचा आंकडा असलेल्या फायली तींत घातल्या, आणि यादीच्या एकेका ओळीवर बोट ठेवून फ्लॉपीवरील नांवाशीं ताडून पाहिली. कित्येक नांवांचें शेवटचें अक्षर जाऊन त्या जागीं खालची आडवी रेघ होती; तो दोष नव्हे. जागा वांचविण्यासाठीं दाबून बसविलेल्या फायलींची ती खूण, आणि सेटप त्या स्वतः उलगडून घेतो. या ताळ्यांत एक फाईल खरोखरच राहून गेलेली सांपडली. ती आणून घातली. मग फ्लॉपीच्या कोपऱ्यांतील लहान खिडकी उघडी केली, म्हणजे तींत चुकून कांहीं लिहिलें जाऊं नये.

एवढें झाल्यावर मुलगा ती यंत्रांत घालणार, तों मीं त्यास थांबविलें. सिस्टिम.आयएनआयची एक प्रत दुसऱ्या नांवानें ठेवावयास सांगितली, आणि फ्लॉपीच्या चिठ्ठीवर माझ्या हातानें लिहिलें : 'पडदा काळा झाल्यास भिऊं नये. यंत्र बंद करून चालू करावें. डॉसमधून विंडोजच्या फोल्डरांत जाऊन सेटप चालवावा. डिस्प्लेच्या ओळींत व्हीजीए निवडावें.' मुलगा हंसला. त्याला तें पाठच होतें. मीं म्हटलें, "बाळ, तुझ्यासाठीं नव्हे. तूं नसशील तेव्हां जो ही उघडील त्याच्यासाठीं."

या खेपेस सेटपनें पहिली फ्लॉपी घेतली, दुसरी घेतली आणि विंडोज पुन्हां सुरूं करूं का असें विचारलें. पडदा क्षणभर काळा झाला, मग उजळला. वहिनींना पुन्हां बोलाविलें. आईच्या डाव्या भुंवईवर एक बारीक व्रण होता. लहानपणीं विहिरीच्या रहाटाचा लागलेला. चार छटांत तो बुडाला होता. वहिनींनीं त्यावर बोट ठेवलें, आणि कांहीं बोलल्या नाहींत. मीही बोललों नाहीं.

त्याच रात्रीं मुलानें एकेक चित्र उचलून पेंटब्रश या विंडोजबरोबरच येणाऱ्या कार्यक्रमांत ठेवलें आणि साध्या चित्राच्या फायली केल्या. सोळा रंगांच्या पडद्यावर हेंच केलें असतें तर डागच कायमचे जतन झाले असते. पूर्ण पडद्याचें एक चित्र तीन लाख बाइटांहून थोडें मोठें. एका फ्लॉपीवर चार मावतात. चार चार करीत तीं नव्या यंत्रावर गेलीं, आणि तेथून घरांतील प्रत्येकाकडे.

असो. ज्यांनीं त्या ड्रायव्हरच्या फ्लॉप्या प्रथम तयार केल्या ते दूर देशींचे लोक. आपली फ्लॉपी तीस वर्षांनीं सांगलीच्या माडीवर कोणी उघडील, हें त्यांच्या स्वप्नींही नसेल. तरी त्यांची यादी चोख होती म्हणून आमचें काम झालें; चुकलों तें यादीकडे न पाहतां आम्हीच. दादांनींही सर्व कांहीं जतन केलें होतें, फक्त तें उघडावयाचें कसें तें त्यांच्याबरोबर गेलें; आणि तें विचारून घेणें माझें काम होतें, तें मीं केलें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या कपाटांत असें कांहीं असेल, मग तें यंत्र असो, कुलपाची पेटी असो कीं मोडींतलें दप्तर असो, त्यांनीं या आठवड्यांत एक कागद घ्यावा. आंत काय आहे, तें कशानें उघडतें आणि उघडलें नाहीं तर परत कोठें यावें, एवढें त्यावर लिहावें, आणि तो कागद उंबऱ्यावर ठेवावा. आंतल्या घरांत नव्हे.