दोन हजारांतल्या सोळा पेशी

दिवाळी अंकाच्या संपादकीयात एकीचे गोडवे गायचे, हा जुना रिवाज. यंदा आम्हीही एकीवरच लिहीत आहोत. पण पेशींच्या ज्या एकीतून तुमचे-आमचे शरीर उभे राहिले, तिच्यावर. ती काही तितकीशी गोड नाही.

ही एकी फार जुनी. चित्रकूटच्या विंध्य खडकांत लाल शैवालासारखे दिसणारे बहुपेशीय जीवाश्म सापडले आहेत, 160 कोटी वर्षांपूर्वीचे. स्वीडनच्या संशोधकांनी 2017 मध्ये ते जगापुढे आणले. आपल्या भिवंडीत असले काही हाती लागायचे नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्हाचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पण गोड्या पाण्याच्या तळ्यांत या कथेतले एक पात्र आजही जिवंत भेटते. व्हॉल्व्हॉक्स! टाचणीच्या टोकाएवढा, गरगरत जाणारा हिरवा गोळा. त्याच्या एका जातीत सुमारे दोन हजार पेशी असतात. जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर बसून कशाभिकांनी, म्हणजे चाबकासारख्या बारीक धाग्यांनी, गोळा वल्हवत राहतात. आत असतात सोळाएक मोठ्या पेशी, आणि वंश चालवायचा तो फक्त त्यांनी. पिल्ले बाहेर पडली की वल्हवणाऱ्या मरून जातात. याचाच चुलतभाऊ क्लॅमिडोमोनस एकटा राहतो. विभागायची वेळ आली की तो कशाभिका आत ओढून घेतो. पोहणे आणि विभागणे एका पेशीला एकदम जमत नाही, म्हणून कामे वाटली गेली असावीत, असा एक तर्क आहे.

कामाची वाटणी आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यातही असते. पण तिथला कारागीर पटले नाही तर दुसरा कारखाना गाठतो. पेशीला ती सोय नाही.

एकत्र येणे त्या मानाने सोपे. अमेरिकेत विल्यम रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधला लवकर तळाशी बसणारा भाग तेवढाच रोज पुढच्या नळीत घेतला. 60 दिवसांत पेशींचे गुच्छ तयार झाले. हा प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. खरी कसोटी पुढे, एकीचा फायदा घेऊन आपले काम टाळणाऱ्या फुकट्या पेशींना आवरण्यात. शरीराची शिस्त झुगारून एखादी पेशी आपलाच वंश वाढवत सुटली की त्याला आपण कर्करोग म्हणतो.

मुलांनो, सुट्टी संपली की आपल्या वऱ्हाळादेवी तलावाचे थेंबभर पाणी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. व्हॉल्व्हॉक्स दिसेलच असे नाही, पण काहीतरी जिवंत बहुधा दिसेल. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असला, तर गुरुजींकडे किल्ली मागा. तो मुलांसाठीच आणलेला असतो.